तुम्ही विचारलंत म्हणून: दोन ओळींचं उत्तर असताना शंकू कशाला?

“सारखा प्रभार पसरलेल्या गोल कवचाच्या आत विद्युत क्षेत्र शून्य, हे गॉसच्या नियमानं दोन ओळींत निघतं. मग तुम्ही फळ्यावर शंकू काढत तास का घालवता?” सहकारी विचारतात, मुलं विचारतात. एकदाच सांगून टाकतो.

दोन ओळी मलाही येतात: गॉस म्हणतो, बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स, म्हणजे क्षेत्राचा प्रवाह, आतल्या प्रभाराच्या प्रमाणात असतो; आणि कवचाच्या आत प्रभारच नाही. परीक्षेत तेवढंच लिहा, पूर्ण गुण देईन.

पण एका तोंडी परीक्षेत एका मुलीनं त्या घडाघडा म्हटल्या: “आत प्रभार नाही, म्हणून क्षेत्र नाही.” मी कागदावर प्लास्टिकचं पोकळ चौकोनी खोकं काढलं, सहाही बाजूंवर सारखा प्रभार. आत किती? “शून्य.” कोपऱ्याजवळ एक ठिपका दिला. इथे? ती पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. मग हळूच म्हणाली, “सर, फ्लक्स शून्य आहे. पण क्षेत्र…” शेजारचे परीक्षक घड्याळ बघत म्हणाले, “अभ्यासक्रमाबाहेरचं कशाला विचारता?” ती “सॉरी सर” म्हणून उठली. बरोबर जागी पोचली होती, आणि माफी मागून गेली. ते “सॉरी” मला अजून छळतं.

फ्लक्स शून्य म्हणजे जेवढं आत आलं तेवढं बाहेर गेलं, बस. खोक्यात केंद्रापासून सरकलात की क्षेत्र उरतं.

“मग सममिती सांगा नि मोकळे व्हा.” पूर्वी मीही हेच म्हणायचो. पण गोलाची सममिती एवढंच सांगते की क्षेत्र असलंच तर त्रिज्येच्या दिशेनं असेल. ते शून्य होतं बलाच्या नियमातल्या 2 या घातांकामुळे, म्हणजे दोन प्रभारांमधलं बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं म्हणून. गॉसचा नियमही त्याच्याच जिवावर उभा आहे. आतल्या बिंदूतून समोरासमोर दोन चिंचोळे शंकू काढा: लांबचा तुकडा अंतराच्या वर्गानं मोठा, त्याचं बल त्याच वर्गानं क्षीण. हिशेब फिटला. घातांक 2.1 असता तर फिटला नसता. न्यूटननं गुरुत्वाकर्षणासाठी हे 1687 मध्येच दाखवलं. कॅव्हेंडिशनं ते उलटं वापरलं: प्रभारित पोकळ गोलाच्या आतल्या, तारेनं जोडलेल्या गोळ्यावर प्रभार सापडला नाही, त्यावरून घातांक 2 पासून फार तर पन्नासाव्या भागानं ढळेल असं त्यानं ठरवलं. ज्याच्या नावानं हा बलाचा नियम ओळखला जातो त्या कूलोंच्याही आधी!

शंकूनं सगळ्यांना समजतं का? नाही. हल्ली मुलं शंकूही पाठ करतात. वर्गाला वर्ग कापतात, पण जीवा (दोन्ही शंकूंच्या मधून जाणारी, गोलाला दोन ठिकाणी टेकणारी रेषा) गोलाला दोन्ही टोकांशी सारख्याच कोनात भेटते हे गाळतात, आणि खोक्यात नेमकं तेच बिघडतं. अशा उत्तराला किती गुण द्यावेत, याबद्दल माझं मत दर वर्षी बदलतं.