तिसरी फेरी आणि डाव्या पायाचा बॅक

२३ जुलै २०१७, रविवार. इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेच्या दहाही क्लबांची माणसं मुंबईत एका सभागृहात आपापल्या टेबलांभोवती बसली होती. आमच्या टेबलावर आदल्या रात्रीचा वाद अजून मिटला नव्हता. पहिली पाळी आली की कोणत्या जागेचा खेळाडू घ्यायचा, स्ट्रायकर (पुढे गोल मारणारा), सेंटर बॅक (मधला बचावपटू) की लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू)?

मी तेव्हा त्यातल्या एका क्लबात व्हिडिओ आणि आकडेवारीचं काम बघत होतो. पुढच्या हंगामापासून लीगमध्ये असा ड्राफ्ट झालाच नाही, क्लब थेट करार करू लागले. त्यामुळे भारतीय खेळाडू पाळीपाळीने निवडण्याचा तो दिवस कसा होता, हे लिहून ठेवावंसं वाटतं.

आधी नियम, कारण सगळा वाद त्यांतूनच निघाला. त्या हंगामापासून मैदानावर एका वेळी सहाऐवजी पाचच परदेशी खेळाडू उतरवता येणार होते. म्हणजे अकरांत किमान सहा भारतीय. प्रत्येक क्लबाला आधीच्या संघातले दोन वरिष्ठ भारतीय खेळाडू राखता येत होते. दिल्ली आणि जमशेदपूर यांनी कुणालाच राखलेलं नव्हतं, म्हणून त्यांची निवड पहिल्या फेरीपासून. आमच्यासारखे दोघांना राखलेले क्लब तिसऱ्या फेरीपासून. एकूण फेऱ्या पंधरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक खेळाडूचं मानधन आधीच ठरलेलं होतं. हा लिलाव नव्हता. कुणी बोली वाढवून आपला माणूस पळवणार नव्हतं, पण आपल्या आधी पाळी आली तर सरळ घेऊन जाणार होतं.

पैसा मोजायची सवय असलेल्या माणसाला ही गोष्ट पचायला वेळ लागतो. वीस-बावीस लाखांचा बॅक घेतला काय आणि साठ लाखांचा स्ट्रायकर घेतला काय, पाळी एकच खर्च होते. पैसे शेवटच्या फेऱ्यांत उरलेही असते, तिसरी फेरी मात्र परत येणार नव्हती. आदल्या रात्री मी हेच पुन्हा पुन्हा सांगत होतो.

सहायक प्रशिक्षकांना स्ट्रायकर हवा होता. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. भारतीय स्ट्रायकर जर खरोखर पहिल्या अकरात खेळू शकला, तर एक परदेशी जागा मोकळी होते आणि ती मधल्या फळीत वापरता येते. बंगळुरूकडे सुनील छेत्री होता, चेन्नईकडे जेजे. पण हे दोघंही त्यांच्या क्लबांनी राखलेले होते, ड्राफ्टच्या यादीत नव्हतेच. यादीतले स्ट्रायकर चांगले होते, तरी दहापैकी बहुतेक क्लब पुढे परदेशी माणूसच उभा करणार हे दिसत होतं. मग तिसऱ्या फेरीत घेतलेला भारतीय स्ट्रायकर बाकावर बसून शेवटची वीस मिनिटं खेळणार. वीस मिनिटांसाठी सगळ्यात महागडी पाळी खर्च करायची का?

मुख्य स्काउट कोल्हापूरचे. तालमींच्या फुटबॉलमध्ये वाढलेले, शाहू स्टेडियमच्या मातीतले. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. दादांना सेंटर बॅक हवा होता. "मधला बॅक कच्चा असला की बाकीच्या दहा जणांचं सोनं असून माती होते," हे त्यांचं म्हणणं. तेही खरंच होतं. पण यादीतला सगळ्यात पक्का सेंटर बॅक अनस एडाथोडिका आमच्यापर्यंत पोचणार नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. झालंही तसंच. जमशेदपूरने पहिल्याच निवडीत त्याला उचललं, १ कोटी १० लाखांना. त्या दिवसाचा तो सर्वाधिक आकडा; तेवढ्याच रकमेचा दुसरा खेळाडू, मधल्या फळीतला युजेन्सन लिंगडोह, कोलकात्याकडे गेला.

मी रात्री भिंतीवर एक कागद चिकटवला होता. त्यावर अकरा चौकोन. पाच परदेशी कुठे जाणार, ते आधी भरलं. स्ट्रायकर, त्याच्या मागचा प्लेमेकर (हल्ला रचणारा), एक बचावात्मक मिडफिल्डर, एक सेंटर बॅक आणि पाचवा प्रशिक्षकाच्या पसंतीने, विंगवर (मैदानाच्या कडेला पुढे) किंवा मध्ये. उरलेले सहा चौकोन भारतीयांचे. गोलकीपर, राइट बॅक, लेफ्ट बॅक, एक सेंटर बॅक, एक मिडफिल्डर, एक विंगर. थोड्याफार फरकाने दहाही क्लबांचा कागद असाच असणार. म्हणजे दहा क्लबांना दहा लेफ्ट बॅक पहिल्या अकरात हवेत, आणि बदली धरले तर वीस.

गोलकीपरच्या बाबतीत हे गणित बाकीच्यांनी आधीच ओळखलं होतं. क्लबांनी राखलेल्या खेळाडूंची यादी बघा. मुंबईने अमरिंदर सिंग राखला, कोलकात्याने देबजित मजुमदार, चेन्नईने करणजित सिंग, नॉर्थईस्टने रेहेनेश, गोव्याने लक्ष्मीकांत कट्टीमनी. दोनच माणसं राखता येत असताना त्यातली एक जागा गोलकीपरला देणारे इतके क्लब. कारण साधं आहे. पहिला गोलकीपर लीगचे अठराच्या अठरा सामने, नव्वदच्या नव्वद मिनिटं खेळतो, आणि दुसरा बहुधा एकही नाही. म्हणून या जागेला मधली फेरी नसते. पहिला कीपर अगदी लवकर घ्या, नाहीतर दुसरा अगदी शेवटी. सहाव्या-सातव्या फेरीत कीपर घेणं म्हणजे पाळी फुकट घालवणं. जमशेदपूरने सुरुवातीलाच ८७ लाखांना सुब्रत पॉल घेतला. कीपरसाठी एवढी रक्कम कशाला, असं काही जण म्हणाले होते. हंगामाच्या शेवटी गोल्डन ग्लव्ह, म्हणजे सर्वोत्तम गोलकीपरचा मान, त्यालाच मिळाला.

आता लेफ्ट बॅक. आमच्या यादीतले जे खेळाडू डाव्या पायाचे होते, बचावात नियमित खेळलेले होते आणि आदल्या हंगामात ज्यांची किमान ९०० मिनिटं भरत होती, ते मोजले तर सहा निघाले. राइट बॅकला हीच चाळण लावली तर बारा-तेरा उरत होते. आपल्याकडे लहानपणी डाव्या पायाचा पोरगा चमकला की त्याला विंगवर नाहीतर दहा नंबरला (स्ट्रायकरच्या मागे) खेळवतात, बॅकला कुणी ठेवत नाही. तुटवडा तिथूनच सुरू होतो.

"उजव्या पायाचा बॅक डावीकडे खेळवू की, काय बिघडतं?" सहायक प्रशिक्षकांनी विचारलं. बिघडतं ते असं. सेंटर बॅककडून चेंडू डावीकडे येतो. डाव्या पायाचा बॅक तो टचलाइनकडच्या (मैदानाच्या कडेच्या रेषेकडच्या) पायावर घेतो, अंग मैदानाकडे उघडं राहतं, आणि पुढचा पास लाइनीने सरळ विंगरकडे किंवा तिरका मध्ये, दोन्ही वाटा मोकळ्या असतात. उजव्या पायाचा बॅक तोच चेंडू आतल्या पायावर ओढतो. अंग आत वळतं, लाइनीची वाट बंद होते. दाबायला आलेल्या प्रतिस्पर्ध्याला फक्त आतली बाजू झाकायची असते. मग चेंडू मागे कीपरकडे जातो, कीपर लांब मारतो आणि ताबा जातो. दुसरं म्हणजे ओव्हरलॅप. तो विंगरच्या बाहेरून वर धावला तरी क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकायचा चेंडू) मारण्याआधी चेंडू उजव्या पायावर घ्यायला एक पाऊल थांबतो. त्या एका पावलात पेनल्टी बॉक्समधला आपला स्ट्रायकर झाकला जातो. चार सामन्यांच्या क्लिपा मी त्या रात्री सलग लावल्या. दादा काही बोलले नाहीत, पण त्यांनी तिसरी क्लिप पुन्हा लावायला सांगितली.

शेवटी मी दोन जागांचे गुण शेजारी शेजारी लिहिले. दहापैकी गुण, आम्ही तिघांनी वेगवेगळे देऊन सरासरी काढलेले. लेफ्ट बॅक: साडेसात, सात, सात, मग थेट साडेपाच. स्ट्रायकर: सात, साडेसहा, साडेसहा, सहा, सहा. आमच्या दोन पाळ्यांच्या मध्ये सरासरी नऊ नावं जाणार होती. तिसऱ्या फेरीत स्ट्रायकर घेऊन बॅकसाठी थांबलो, तर चौथ्या फेरीत साडेपाचचा बॅक मिळण्याची भीती. उलटं केलं, तर चौथ्या फेरीत सहाचा स्ट्रायकर नक्की मिळतो. ड्राफ्टमध्ये 'सगळ्यात चांगला कोण' एवढंच बघून भागत नाही, 'पुढच्या पाळीपर्यंत कोणत्या जागेचं किती नुकसान होतं' हे बघावं लागतं. रात्री दीड वाजता ठरलं की तिसऱ्या फेरीत लेफ्ट बॅक. दादांनी मान हलवली, पण मनापासून नाही.

आणि सकाळी गणित फिसकटलं. आमची पाळी यायच्या आत साडेसात गेला. मग एक सात गेला. आमच्या अगदी आधीच्या टेबलाने दुसरा सात उचलला. एका जागेचे दोन खेळाडू लागोपाठ गेले की बाकीची टेबलं घाबरतात आणि त्याच जागेवर तुटून पडतात. हा धोका मी रात्री धरला नव्हता. प्रत्येक क्लब आपापल्या कागदाप्रमाणे शांतपणे निवडेल, असं मी गृहीत धरलं होतं.

आता टेबलावर तीन मतं. सहायक प्रशिक्षक म्हणाले, स्ट्रायकर घ्या, बॅक गेले ते गेले. मी साडेपाचवाल्याच्या नावाशी अडून बसलो होतो. ती माझी चूक होती. वरच्या पायरीचे संपल्यावर त्याच जागेसाठी खालच्या पायरीचा माणूस त्याच किमतीच्या पाळीत घेणं, ही ड्राफ्टमधली सगळ्यात जुनी चूक आहे. तेव्हा दादांनी वहीचं एक पान माझ्यापुढे सरकवलं. त्यावर एका लेफ्ट विंगरचं नाव, आणि खाली त्यांच्या बारीक अक्षरात टिपणं. चेंडू गेल्यावर मागे धावतो. ८०व्या मिनिटानंतरही धावतो. लांबच्या गोलपोस्टपाशी उभं राहायचं कळत नाही, पण उडी चांगली. थ्रो-इनला माणूस सोडत नाही.

"ह्याला मागे घ्यायचा," ते म्हणाले. "पाय डावा आहे, तो शिकवून येत नाही. बाकीचं शिकवता येतं."

"दादा, बॅकला एकही मॅच खेळलेला नाही."

"माहिती आहे. म्हणून तर आत्ता घ्यायची गरज नाही. त्याला बॅक म्हणून बघणारा इथे दुसरा कुणी नाही."

मुद्दा लख्ख होता. विंगर म्हणून त्याचं नाव सगळ्यांच्या यादीत मधल्या फेऱ्यांत असणार. म्हणजे तिसऱ्या फेरीत सेंटर बॅक घ्यायचा, जो दादांना मुळातच हवा होता आणि ज्याच्या खाली आमच्या यादीत मोठी दरी होती, आणि सहाव्या फेरीपर्यंत विंगरची वाट बघायची. मी पटकन क्लिपा काढल्या. एक गोष्ट मात्र तपासायची होती. त्याचे बरेच सामने कृत्रिम गवतावरचे होते. कूपरेजसारख्या त्या मैदानांवर चेंडू वेगाने सरकतो, टप्पा सरळ येतो आणि वेगवान विंगर आहे त्याहून वेगवान दिसतो. आयएसएलची मैदानं खऱ्या गवताची, पावसाळ्यानंतर जड झालेली. म्हणून नैसर्गिक गवतावरच्या त्याच्या दोनच सामन्यांकडे लक्ष दिलं. मागे धावण्याचा वेग तिथेही टिकलेला होता. वैद्यकीय नोंदीत हॅमस्ट्रिंगची एक जुनी दुखापत होती, पण ती एकदाच झालेली. तीच दुखापत दोनदा झाली असती तर मी नको म्हटलं असतं, कारण बॅकला विंगरपेक्षा लांब पल्ल्याच्या धावा जास्त काढाव्या लागतात.

तिसऱ्या फेरीत सेंटर बॅक. चौथीत मिडफिल्डर. पाचव्या फेरीत माझ्या पोटात गोळा आला होता, कारण दोन टेबलांवर विंगरांची नावं चालली होती. सहाव्या फेरीत आमचा विंगर अजून यादीत होता. दादांनी नाव लिहून दिलं तेव्हा शेजारच्या टेबलाने आमच्याकडे बघितलंही नाही.

त्या ड्राफ्टकडे आज पाहिलं की बॅकच्या जागांवर शहाणपणाने पाळ्या लावणारे क्लब ठळक दिसतात. आय-लीग ही देशातली दुसरी मोठी लीग जिंकलेल्या ऐझॉलचा लालरुआत्थारा केरळने घेतला आणि तो त्या हंगामाचा उदयोन्मुख खेळाडू ठरला. आपल्या मुंबईचा राहुल भेके बंगळुरूने घेतला. राइट बॅक आणि सेंटर बॅक दोन्हीकडे खेळणारा माणूस म्हणजे एका पाळीत दोन चौकोन भरणं. पुढे मार्च २०१९ मध्ये मुंबईतच झालेल्या अंतिम सामन्यात गोव्याविरुद्ध जादा वेळेत विजयी गोल त्यानेच केला. आणि गोव्याने विंगर म्हणून राखलेला मंदार राव देसाई गोव्याचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्या हाताखाली लेफ्ट बॅक झाला. दादांनी वहीत जे लिहिलं होतं, त्याच वाटेने.

संध्याकाळी सभागृहातून परतल्यावर दादांनी त्या मुलाला फोन लावला. अभिनंदन वगैरे झाल्यावर थेट विचारलं, "मागे खेळशील का? लेफ्ट बॅक?" पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, "सर, अकरात असेन ना?"

"असशील," दादा म्हणाले आणि माझ्याकडे बघून लिहायची खूण केली. मी पहिल्या आठवड्याचा तक्ता लिहायला घेतला. रोज सकाळी उजवीकडून तीस क्रॉस, तो लांबच्या गोलपोस्टपाशी, अंग चेंडूकडे आणि माणसाकडे दोन्हीकडे उघडं. त्यानंतर सेंटर बॅकपासून दहा ते बारा मीटर अंतर ठेवून रेषेत वर-खाली सरकणं, अर्धा तास, आधी चेंडूशिवाय.