मारुती ८०० : डाव्या चाकाची घरघर आणि दोनदा बसवलेले बेअरिंग

पावसाळा सरत आला तेव्हा माझ्या १९९८ सालच्या मारुती ८०० मधून दोन आवाज एकाच वेळी येऊ लागले होते. खड्ड्यातून किंवा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून जाताना पुढे डावीकडे ‘खट्’ असा एक, आणि पूर्व द्रुतगती मार्गावर ताशी ५० च्या पुढे गेल्यावर वेगाबरोबर चढत जाणारी घरघर हा दुसरा. मी दोन्हींचे खापर चाकाच्या बेअरिंगवर फोडून मोकळा झालो होतो. प्रत्यक्षात दोष दोन होते.

रविवारी पहाटे रस्ता मोकळा असताना गाडी न्यूट्रलमध्ये घालून पाहिली. इंजिनाचे फेरे उतरले तरी घरघर तशीच राहिली, म्हणजे ती चाकांकडूनच येत होती. नंतर स्टीअरिंग किंचित उजवीकडे वळवले, तेव्हा भार डाव्या बाजूवर गेला आणि आवाज वाढला. डावीकडे वळवताच तो जवळजवळ थांबला. घरी येऊन चाक उचलले, वर आणि खाली हात धरून हलवले, तर स्पष्ट ढिलाई जाणवली. मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितल्यावर ती बरीचशी नाहीशी झाली, यावरून बेअरिंग गेल्याचे निश्चित झाले. तरीही टॉमी (लोखंडी पहार) घालून लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी भुजा, ढकलल्यावर तिच्या आतल्या टोकाचा रबरी बुश (सांध्यातली रबराची नळी) मोकळेपणाने सरकत होता. ‘खट्’चा मालक तो होता.

सुटे भाग मी नागदेवी स्ट्रीटवरून आणले. मुलुंडहून धिम्या लोकलने मस्जिद स्थानकावर उतरलो की तेथवर चालत जाता येते, आणि बेअरिंगच्या दुकानात मॉडेलचे नाव सांगण्यापेक्षा जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक दाखवणे केव्हाही श्रेयस्कर. ऑइल सील, म्हणजे बेअरिंगमध्ये पाणी शिरू न देणारी रबरी कडा, नवेच घ्यावे. पन्नास-शंभर रुपये वाचवण्यासाठी जुने सील परत बसवणे म्हणजे पुढच्या जुलैत पाण्याला आमंत्रण देणे होय.

एक्सल नट (चाकाच्या मध्यभागचा मोठा नट) चाक जमिनीवर असताना, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगड लावूनच ढिला करावा, कारण स्टँडवर उभ्या गाडीला तेवढा जोर लावणे धोक्याचे आहे. आमच्या सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक असल्याने जॅक रुतू नये म्हणून त्याखाली जाड सागवानी फळी ठेवली आणि गाडी स्टँडवर घेतल्यानंतरच चाक काढले. नकल, म्हणजे ज्यात बेअरिंग बसते तो चाकामागचा लोखंडी भाग, बाहेर काढायला फारसा त्रास झाला नाही. चाक ज्यावर बसते तो हब मात्र निघताना बेअरिंगची आतली कडी स्वतःबरोबर घेऊन आला, आणि ती ग्राइंडरने अर्धवट कापून छिन्नीने फोडण्यात दुपार गेली. कापताना हबच्या दांड्याला पाते लागू देऊ नये. तेथे पडलेला चरा नव्या बेअरिंगला नीट बसू देत नाही.

यानंतर मी जे केले ते कुणीही करू नये. नवी बेअरिंगे (एका चाकात दोन असतात) रात्रभर फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी, ठेवली होती (त्यावरून घरात जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही) आणि सकाळी नकल गरम करून ती आत सोडली. पहिले सहज बसले. दुसरे किंचित तिरके अडकले, आणि नकल थंड होईल या घाईत मी हाताला लागलेला पान्याचा सॉकेट त्यावर टेकवून हातोड्याने ठोकले. सॉकेट आतल्या कडीवर टेकला होता. नकलमध्ये बेअरिंग बसवताना जोर केवळ बाहेरच्या कडीवर पडायला हवा. आतल्या कडीवर मारलेला घाव गोळ्यांमधून बाहेरच्या कडीपर्यंत जातो आणि गोळ्या आपल्या वाटेवर बारीक खळगे पाडतात. ते डोळ्यांना दिसतीलच असे नाही, पण कानांना ऐकू येतात. जोडणी करून ऐरोली पुलापर्यंत गेलो आणि नव्याकोऱ्या बेअरिंगातून तीच घरघर, थोडी बारीक आवाजात, ऐकत परतलो.

भांडुपच्या एका गाळ्यातील लेथवाल्या काकांनी हब हातात धरून नकल एकदा फिरवली आणि विचारले, “साहेब, हातोड्याने बसवलंत ना?” दुसरा संच त्यांच्या प्रेसवर बसला. बेअरिंगे घालताना त्यांनी बाहेरच्या कडीएवढी जुनी कडी मध्ये ठेवली, आणि हब दाबताना आतल्या कडीला खालून आधार दिला. दोन बेअरिंगांमधला स्पेसर (अंतर राखणारी नळी) आधी जागेवर आहे याची खात्री त्यांनी दोनदा करून घेतली, कारण नट आवळल्यावर आतल्या कड्या त्या स्पेसरवरच येऊन टेकतात. तो घालायचा राहिला तर बेअरिंग काही दिवसांत जळते.

बुशच्या बाबतीत शहाणपण वेळेवर सुचले. या गाडीत लोअर आर्म ही सडपातळ असते आणि चाकाला पुढे-मागे सरकण्यापासून स्टॅबिलायझर बार धरून ठेवतो, म्हणून मी दोन्हींचे रबर एकत्रच बदलले. बोल्ट घातले, पण चाक लोंबकळत असताना ते पूर्ण आवळले नाहीत. तसे आवळल्यास गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि उभ्या गाडीतही ताणातच राहून लवकर फाटते. पुढची दोन्ही चाके फळ्यांच्या थरावर चढवून, गाडीचे वजन तिच्या नेहमीच्या उंचीवर येऊ देऊन, मगच अखेरचा जोर दिला.

काल अलाइनमेंट करून घेतली. घरघर नाही, ‘खट्’ नाही. आता स्टीअरिंग पूर्ण लॉकवर, म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत, फिरवताना उजवीकडून स्प्रिंगचा जो ‘टण्’ आवाज येतो आहे, तो स्प्रिंग वर जेथे बसते त्या माउंटचा असावा असा संशय आहे. त्यासाठी स्प्रिंग कॉम्प्रेसर लागेल, आणि दाबलेल्या स्प्रिंगशी जुगाड करायचा नाही असे ठरवून मी काकांकडे त्यांचा मागून ठेवला आहे.