नावं सोडायची नाहीत

२३ नोव्हेंबर, रात्री साडेनऊ

आजीला जाऊन आज पंचवीस दिवस झाले. आजच्या कापसाचं वजन वहीत लिहायला बसलो होतो, ते तसंच राहिलं आणि हे लिहितोय. गावात अजून लोक विचारतातच, तेरवी कधी केली, कळवलं नाही. मी सांगतो आम्ही ख्रिस्ती, आमच्यात तेरवी नसते, स्मरणाची प्रार्थना झाली, मग ते म्हणतात हो हो, बरोबर, तुमचं वेगळं असते ना. चाळीसेक वर्षं एका गल्लीत राहून पण दरवेळी नव्यानं आठवावं लागतं त्यांना, त्यात राग नाही पण. गेली त्या दिवशी कडू घास म्हणून पिठलं-भाकर शेजारच्या काकूंनीच आणली होती, आमच्यात असतं नसतं काही न विचारता, आणि आबांना समोर बसून दोन घास खायला लावले.

दफनविधीला चर्चच्या पाळकसाहेबांनी बायबलमधल्या नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय वाचला, सद्गुणी स्त्रीचा. बाईमाणूस गेलं की तोच वाचतात. वाचून झाल्यावर म्हणाले की आपली ही बहीण अत्यंत शांत स्वभावाची होती, तिचा आवाज कधी कोणी ऐकला नाही. मागच्या रांगेत आमच्या गल्लीतले सगळे उभे होते, त्यांनी माना खाली घातल्या. रडत होते असं वाटलं असेल पाळकसाहेबांना. लहानी आत्या तर पदर तोंडात कोंबून उभी होती.

कारण आजीचा आवाज पार पाण्याच्या टाकीपर्यंत जायचा. संध्याकाळी ढोरं घरी आली की ती ओट्यावर बसायची, आबा बाजूला बाजेवर, आणि बायबलचे दोन अध्याय वाचायची, म्हणजे अक्षरशः ओरडायची, कारण आबांना ऐकू येत नाही. काकू परवा म्हणाल्या, "तुह्या आजीचं वाचनं सुरू झालं का मी देवाजवळ दिवा लावो. आता रोजच उशीर होऊन राह्यला, बावा."

तसं आमचं घर मूळ याच गावचं, पांढरकवड्याच्या इकडचं, पण आजीआबा आधी यवतमाळला होते. तिथं सेमिनरी होती, म्हणजे पाळकांचं शिक्षण देणारी संस्था, आबा तिथं सुतारकाम करायचे, आणि आजीला रोज गाणी, रोज प्रार्थना, आजूबाजूला आपली माणसं. १९८३ ला सेमिनरी पुण्याला गेली. आबा गेले नाहीत, त्यांची आई वावर सोडून हलणार नव्हती. म्हणून इथं आले, गावात ख्रिस्ती घर हे एकच, चर्चला जायचं तर तालुक्याला, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तेही नाही. त्याच वर्षी आजीनं बायबल पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, वाचायला घेतलं. रोज दोन अध्याय, एकही गाळायचा नाही. सगळे मिळून १,१८९ अध्याय होतात, म्हणजे काही अडचण आली नाही तर ५९५ दिवस, मी आज मोबाईलवर हिशोब केला. संपलं की मागच्या कोऱ्या पानावर तारीख टाकायची आणि दुसऱ्या दिवशी परत उत्पत्ती.

फार गोडगोड लिहायला नको. आजी कडक होती. मोठ्या आत्यानं चर्चबाहेर लग्न केलं तर आठ महिने तिच्याशी बोलली नाही, नाव काढू द्यायची नाही घरात, आणि बाळंतपण झाल्याचं कळलं त्या दिवशी डिंकाचे लाडू बांधून एसटीत बसली, कोणाला न सांगता, आबांनाही नाही. परत आल्यावर तेवढंच म्हणाली, पोरगी आपल्यावर गेली. माफ केलं वगैरे काही बोलणं नाही. मला अजून वाटतं आत्याचे ते आठ महिने वाया गेले, आणि हे मी तिला तोंडावर बोललोही होतो एकदा, तर म्हणे तुले काय समजते.

आणि तो डालड्याचा डबा. भाकरीला पीठ घेतलं की एक मूठ त्यात टाकायची, ती प्रभूची. महिन्याच्या शेवटी ते पीठ चर्चमधल्या एका म्हाताऱ्या विधवेला जायचं. हंगामाच्या सणाला तूर, कापूस, एखादी कोंबडी घेऊन जायची, तिथं अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो ना, तर एका वर्षी तिच्या कोंबडीला कोणी धड बोलीच लावेना, मग हिनं रागानं स्वतःच बोली लावली आणि स्वतःचीच कोंबडी बाजारभावापेक्षा जास्त पैसे देऊन घरी घेऊन आली. आबा जन्मभर यावरून चिडवत राहिले. आई आता भाकरी करताना त्या डब्यात मूठ टाकते. कोणी सांगितलं नाही तिला.

आता आजचं. दुपारी आजीचं बायबल काढलं, काळ्या रेक्झिनचं, आत एसटीची तिकिटं, बीटी बियाण्याच्या पाकिटाचा तुकडा, माझा चौथीतला फोटो. मागच्या पानावर तारखा बघत होतो. पहिली १९८५ ची, शेवटची यंदाच्या मे महिन्यातली, सगळ्या दीड-पावणेदोन वर्षाच्या अंतरानं. फक्त एका जागी २००३ च्या नंतर एकदम २००७.

धाकटे काका २००४ ला गेले. मी लहान होतो.

आबांना पान दाखवलं, बोट ठेवलं त्या तारखांवर. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, वाचनं सोडलं होतं तिनं. त्याआधी ती मनातल्या मनात वाचायची, दिव्याजवळ बसून, ओठ हलायचे तेवढेच. काका गेल्यावर पुस्तक पेटीत ठेवलं ते ठेवलंच. चर्चला जायची, गाणं म्हणायची, डब्यात मूठ टाकायची, कोणाला काही कळलं नाही. पण पुस्तक नाही. दीडेक वर्ष.

"मंग म्या एक दिवस म्हटलं, मले आताशा आयकू कमी येते, चर्चात पाळक काय बोलते समजत नाई, तू घरी वाचून दाखव. जोऱ्यानं."

मी विचारलं, तेव्हापासून कान गेले का तुमचे?

"तवा कान चांगले होते माहे."

एवढंच बोलले आणि बिडी शोधायला लागले, बिडी सोडून पाच वर्षं झाली त्यांना.

म्हणजे काकूंचा दिवा, गल्लीची संध्याकाळ, आजीचं ते ओरडणं, सगळं आबांच्या थापेवर चालू होतं. नंतर कान खरंच गेले हा भाग वेगळा. आजीला कळलं असेल का कधी? मला वाटतं कळलं असेल. पुढच्या खोलीत कुजबुजलेलं आबांना तेव्हा ऐकू जायचं हे तिच्यासारख्या बाईच्या लक्षात येणार नाही, असं होणं शक्य नाही.

संध्याकाळी आबांनी स्वतःच पुस्तक माझ्या हातात दिलं. खूण बायबलमधल्या 'पहिला इतिहास' या पुस्तकात होती, दोन अध्याय झालेले. ज्यानं वाचलंय त्याला माहीत आहे, पहिले नऊ अध्याय म्हणजे नुसती नावं, अमक्याचा मुलगा तमका, पानंच्या पानं. लहानपणी मी म्हणायचो आजी हे सोड ना, तर ती म्हणायची, "नावं सोडाची नाईत. एकएकाले माय होती, तिनं इचार करून ठेवलं असंन नाव."

तिसरा अध्याय वाचला, दाविदाची मुलं. जीभ अडखळत होती, काही नावं मी चुकीचीच म्हटली असणार. आबा म्हणाले, जोऱ्यानं. मी आवाज वाढवला. लाज वाटत होती, रस्त्यानं कापूस वेचून बाया घरी चालल्या होत्या, एकदोघी थांबल्या. चौथ्यात नावांच्या गर्दीत मधेच तो याबेस येतो, ज्याला आईनं दुःखात जन्म दिला म्हणून तसं नाव ठेवलं, दोनच वचनं आहेत त्याच्यावर. आबांनी हात वर केला. मला वाटलं ऐकू आलं नाही, परत सुरू केलं, तर म्हणाले, "नाई नाई, आयकलं. अथी ती चष्मा पुसे."

मग थोडं थांबलो. मी चष्मा लावत नाही. पुढची नावं वाचली.

काकूंच्या घरात दिवा लागलेला दिसला, पण तो त्यांचा लाइटच असेल, नक्की सांगता येत नाही. उद्या पाचवा आणि सहावा. सहावा चांगलाच लांब आहे, एक्क्याऐंशी वचनं, आत्ताच बघून ठेवला.