हात वर गेला

परवा भर दुपारी रायबंदरच्या धक्क्यावर माझ्या गाडीचे वायपर सुरू झाले. ऊन असं की समोरची मांडवी बघवत नव्हती. फेरीबोट चोडणहून येऊन टेकली होती, माझ्यापुढे दोन पिकअप आणि आजूबाजूला स्कूटरवाल्यांचा घोळका. खलाशाने हात केला, मी गाडी चालू केली, आणि कोरड्या काचेवर वायपर खर्र खर्र करत धावायला लागले. एक स्कूटरवाला काचेशी वाकून म्हणाला, "पात्रांव, पावस खंय आयलो?"

पाऊस कुठेच आला नव्हता. माझा डावा हात वर गेला होता. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला जी दांडी असते, ती त्याने हक्काने ओढली होती. आजच्या गाड्यांत तिथे वायपर असतो. माझ्या हाताला तिथे गिअर हवा होता.

गेल्या तीस वर्षांत चार गाड्या वापरल्या, चारींचे गिअर खाली, दोन सीटच्या मध्ये. हाताला हे चांगलं ठाऊक आहे. तरी गेला. बोटीवर चढून इंजिन बंद केलं आणि त्या हाताकडे जरा रागानेच बघत बसलो. (चोडणला माझं काय काम होतं ते पुढे सांगतो. फारसं सांगण्यासारखं नाही.)

खरं तर हा डावा हात या भानगडीत पडलाच नसता. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू धरली, तेव्हा गोव्याने शेजार बघून डावीच ठेवली. बदलली असती तर स्टिअरिंग पलीकडे गेलं असतं आणि उजवा हात बावळट ठरला असता. अर्थात मग १९६१ साली मुक्तीबरोबर सगळ्यांना परत डावीकडे यावं लागलं असतं, आणि बाबांची फियाट आली १९७८ साली. म्हणजे हात डावाच. असो.

बाबांची फियाट. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली, पण पद्मिनी म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. दुसऱ्या हातची घेतली होती, रंग दुधात चहा सांडल्यासारखा. नंबर जीडीवरून सुरू व्हायचा, गोवा, दमण आणि दीव एका दावणीला होते तेव्हाचा. इंजिन १०८९ सीसी. हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला, कारण बाबा पाहुण्यांना तो नातेवाइकाचा हुद्दा सांगावा तसा सांगत.

तेव्हा पणजीत गाड्या मोजक्या, आणि ज्या होत्या त्या चमत्कारिक. आमच्या मळा या वस्तीतल्या एका डॉक्टरांकडे पन्नासच्या दशकातली फियाट होती, जिला सगळा महाराष्ट्र डुक्कर फियाट म्हणतो ती. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, बिजागऱ्या मागच्या अंगाला. डॉक्टर त्यातून उतरले की कपाटातून बाहेर आल्यासारखे दिसत. शिवाय पोर्तुगीज काळात आलेल्या जुन्या मर्सिडीज होत्या, त्या टॅक्सी म्हणून धावायच्या. आत माणसं कोंबलेली, डिकीत माशांची पाटी. मर्सिडीज ही श्रीमंतांची गाडी असते हे मला पुढे मुंबईला गेल्यावर कळलं. एका मित्राच्या काकांनी ती कौतुकाने दाखवली तेव्हा मी म्हणालो, "हो, आमच्याकडे टॅक्सी असते ही." काकांनी पुन्हा जेवायला बोलावलं नाही.

फियाटची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे पुढच्या दारांची त्रिकोणी काच. छोटी खिटी फिरवायची, काच आपल्या आसावर तिरकी व्हायची आणि वारा थेट छातीवर. बसायला येणारं माणूस आधी ती काच धरायचं. ती गेली आणि गाड्यांतून वारा गेला, हे माझं ठाम मत आहे. घरात मला या मतावरून कोणी गंभीरपणे घेत नाही. एसी आहे ना, म्हणतात. एसी म्हणजे वारा नव्हे, हे त्यांना सांगून मी दमलो.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे भोक. समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस, लोखंड किती टिकणार! मागच्या सीटपुढच्या पत्र्याला गंज धरला आणि माझ्या पायांपाशी रुपयाएवढं भोक पडलं. बाबांनी त्यावर बिस्किटांच्या डब्याचं झाकण ठेवलं, वर चटई. अस्नोड्याला आजोळी जाताना मी चटई सरकवायचो, झाकण पायाने बाजूला करायचो आणि बघत बसायचो. खाली रस्ता पळत असायचा. बाहेर सगळं सावकाश, शेतं, पोफळी, सायकलवर पाववाला पदेर, आणि भोकातून बघावं तर नुसता करडा वेग. मे महिन्यात काजूच्या बोंडांचा वाससुद्धा त्याच भोकातून वर यायचा. चिंचोके मी त्यातून टाकत असे. पणजी ते म्हापसा या रस्त्याला माझ्यामुळे चिंचेची झाडं का लागली नाहीत, कोण जाणे.

आणि बंद पडणं. मे महिन्यातली दुपार, परतीचा प्रवास, गिरीहून पर्वरीची चढण लागली की आई पर्स मांडीवर घट्ट धरायची. गाडी दोन आचके द्यायची आणि शांत. उन्हाने आणि इंजिनाने पेट्रोल नळीतच तापून त्याची वाफ व्हायची, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. बाबा बॉनेट उघडून आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा भिजवून पंपावर गुंडाळायचे. "दमली ती. बसू दे तिला." आम्हीही झाडाखाली बसायचो. एकदा पाण्याची बाटली रिकामी निघाली. डिकीत आजीने दिलेले पाच आडसर नारळ होते. बाबांनी एकाचा डोळा स्क्रू-ड्रायव्हरने फोडला आणि सगळं पाणी पंपावर ओतलं. गाडी लगेच चालू झाली. आजीला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माका आदीं सांगपाचें, सुकें दिलें आसतें."

शिकलो मी ताळगावच्या सड्यावर. विद्यापीठाचं काम तिथे नुकतंच सुरू होत होतं, त्यामुळे मोकळा जांभा आणि घाबरायला फक्त गुरं. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, डाव्या हाताशी. त्यात मेख अशी की पहिला आणि तिसरा दोन्ही एकाच दिशेला पडतात. दांडी आधी आपल्याकडे ओढलीत तर पहिला, नाही तर तिसरा. फरक अंगठ्याएवढा. तो डोळ्यांनी दिसत नाही, तळहाताला कळावा लागतो.

माझ्या तळहाताला तो ५ जुलै १९८६ नंतर कळला. त्या दिवशी मांडवीवरचा पूल कोसळला. सत्तर साली बांधलेला, सोळा वर्षांचा पूल. मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होतो आणि माझं लायसन्स कोरं होतं. म्हापशाकडे जायचं म्हणजे आता परत पणजी ते बेती फेरी, आणि फेरीसाठी रांग. ट्रक, बस, रुग्णवाहिका, लग्नाची वऱ्हाडं, सगळे पावसात भिजत एका रांगेत.

मामांकडे चवथीला निघालो होतो. बाबा म्हणाले, आज तूच घे. पणजीला चढवली, ठीक चढली. बेतीला बोट टेकली तेव्हा भरपूर ओहोटी होती. म्हणजे बोट खाली आणि धक्क्याचा उतार आमच्या अंगावर उभा, शेवाळाने बुळबुळीत. खलाशी ओरडला, मी क्लच सोडला. फियाट फळीवरून वर आली, उताराच्या मध्यावर थरथरली आणि बंद. हँडब्रेक नावापुरता होता. मी पायाने ब्रेक दाबून धरला तरी मागची चाकं शेवाळावरून इंच इंच मागे सरकत होती. मागे पाणी होतं. बाजूला आई मामींसाठी घेतलेली साडी उराशी धरून, डोळे मिटून.

बाबा केव्हा उतरले मला कळलंच नाही. डिकीत ते एक फणसाच्या लाकडाचा ठोकळा ठेवत, पाचरीसारखा कापलेला. आरशात बघतो तर छत्री नाही, धोतराचा काष्टा गुडघ्यावर, आणि ते मागच्या चाकाशी वाकलेले. लाकूड चाकाखाली बसल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. कच्च असा. गाडी थांबली. मग मागच्या काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक. म्हणजे, घे.

घेतली. वर आली.

बाबा ठोकळा काखेत मारून चढ चढून आले, मागे बसले, पाणी निथळत होतं. मी शिव्यांची वाट बघत होतो. म्हापसा येईपर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "तिसऱ्यात होती. फेरीवर थांबलास की निघायच्या आधी गिअर हाताने तपासायचा. डोळ्यांवर जायचं नाही." झालं. हा विषय पुन्हा निघाला नाही, मामांसमोरसुद्धा नाही. एवढी मोठी गोष्ट त्यांनी मामांना सांगितली नाही याचंच मला त्या चवथीत अप्रूप वाटत राहिलं. मोदक तेवढे खाल्ले गेले नाहीत.

पुढे फियाट गेली. कितीला गेली ते बाबांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मी मारुती आठशे घेतली, माझी पहिली, आणि सुरुवातीचे तीन महिने पणजीतल्या लोकांनी मला भर उन्हात वायपर चालवताना पाहिलं. मग हात सुधारला. बाबा माझ्या शेजारी बसत. त्यांनी मारुती कधी चालवली नाही. "गिअर जमिनीवर काय शोधायचा, काय पडलं म्हणून?" असं म्हणत. पण शेजारी बसून ब्रेक मात्र तेच लावत. वळण आलं, गुरं आली, बस अंगावर आली, की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. मी ती गाडी विकली तेव्हा डाव्या सीटपुढच्या रबरी चटईला एकाच जागी, टाचेच्या मापाचा खळगा पडला होता. घेणाऱ्याने विचारलं, हे कसं झालं? मी म्हटलं, जुनी गाडी आहे.

दोन वर्षांपूर्वी मुंबईतली काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली तेव्हा बऱ्याच जणांना गहिवरून आलं. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली, वीस वर्षांची मर्यादा संपली आणि खेळ खलास. जे लोक आयुष्यभर त्या टॅक्सीच्या मीटरला आणि सीटच्या स्प्रिंगला शिव्या घालत होते तेच फोटो पाठवत होते. मलाही सहा जणांनी पाठवला. मला काही वाटलं नाही. काळीपिवळी ती आमची नव्हेच. आमची दुधात चहा सांडल्यासारखी.

तर चोडणचं काम. एका ओळखीच्याने सांगितलं होतं की तिथे एका घरामागे फियाट उभी आहे, मालकाला द्यायची आहे. नुसतं बघून येऊ, म्हणून निघालो होतो. घरी बँकेत जातो म्हणून सांगितलं होतं.

गाडी माडाच्या झावळ्यांच्या छपराखाली होती. हिरवी. टायर बसलेले, मागच्या सीटवर नारळाची सोडणं रचलेली, टपावर मांजर. मालक माझ्याच वयाचे. म्हणाले, "आणखी तीन वर्षांनी पन्नास होतात तिला. मग व्हिंटेज धरतात, नंबरात व्हीए अक्षरं मिळतात, सरकारचा नियम आहे." नियम खरा आहे, २०२१ पासूनचा. मी पन्नाशी ओलांडून सात वर्षं झाली, मला कोणी अक्षरं दिली नाहीत.

"बसून बघा की," ते म्हणाले.

दार करकरलं. आत तोच वास, रेक्झिन, पेट्रोल आणि ओलं पोतं. त्रिकोणी काचेची खिटी जागेवर होती. फिरवली, फिरली. समोर पांढरं पातळ स्टिअरिंग आणि डाव्या अंगाला, हाताच्या अंतरावर, गिअरची दांडी, टोकाला काळा गोळा. मालक बाहेरून बघत होते. मी क्लच दाबला, पुढे बघितलं, आणि डावा हात गिअरवर नेला.

हात खाली गेला. दोन सीटच्या मध्ये.

तिथे काही नव्हतं. सलग बाकासारखी सीट, फाटलेलं रेक्झिन आणि त्यातून वर आलेला काथ्या. बोटं त्यात रुतून बसली.

"काय शोधताय?" मालकांनी विचारलं.

"काय नाही," म्हटलं, "किती म्हणालात?"

त्यांनी आकडा सांगितला. मी विचार करून कळवतो म्हणालो. परतीच्या फेरीला गर्दी होती. गाडी चढवली, इंजिन बंद केलं आणि रायबंदर येईपर्यंत डावा हात मांडीखाली दाबून बसलो.