आमची वाटचाल : रद्दीच्या काट्यावरून सुरुवात

आज आम्ही जुने नकाशे आणि मासिकं विकतो, पण आधी हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात बाबांचं रद्दी-भंगाराचं दुकान होतं. कागद किलोवर घ्यायचा, गठ्ठे बांधायचे, गाडी भरली की नागपूरला. मी २००८ साली गल्ल्यावर बसायला लागलो. त्याच वर्षी दिवाळीच्या साफसफाईत एका जुन्या मालगुजारी वाड्याच्या माळ्यावरून दोन पोती आली. वर जमाखर्चाच्या वह्या, खाली ‘मनोरंजन’ मासिकाचे बांधीव अंक आणि कापडावर चिकटवलेला, घड्या घातलेला इंग्रजी नकाशा. वाड्यातल्या आजी म्हणाल्या, “ने ना बाबू, उंदरं झाले त्याच्यात.”

बाबांनी पोतं काट्यावर ठेवलं, मी नकाशा बाजूला काढला. साल छापलेला कोपराच उंदरांनी खाल्ला होता. मग तो वाचत बसलो. मुंबईची रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये पोचली. ती लाइन नकाशावर होती, म्हणजे त्यानंतरचा. (रेघ तुटक असेल तर फसू नका, ती ठरलेली लाइन असते, बांधलेली नव्हे.) यवतमाळच्या जागी जिल्हा म्हणून वणी, आणि बाशिम (आताचं वाशिम), एलिचपूर (आताचं अचलपूर) हे वेगळे जिल्हे. वऱ्हाडातल्या सहा जिल्ह्यांचे चार झाले १९०५ मध्ये, तेव्हाच वणी जिल्ह्याचा यवतमाळ झाला. म्हणजे त्याआधीचा. साल नसलेल्या कागदाचं साल काढायचं, ही या धंद्यातली खरी मजा मला त्या रात्री कळली.

आणि त्या नकाशाचं मी काय केलं? तालुक्याला नेऊन लॅमिनेशन केलं. गरम रोलरखालून चकचकीत निघाला, मला कोण आनंद! पहिलं गिऱ्हाईक पुण्याहून आलं. त्यांनी तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि परत ठेवला. प्लास्टिक काढायला गेलं की शाईही सोबत येते, एवढंच बोलले. तो नकाशा अजून दुकानात टांगलेला आहे. कामाला नवा पोरगा आला की आधी त्याच्यासमोर उभा करतो.

आता दुकानात सेलोटेप मिळणार नाही. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, बस्स. चिंध्यांच्या लगद्याचा दीडशे वर्षांचा कागद हातात मऊ लागतो, पण लाकडाच्या लगद्यावर छापलेलं १९२० चं मासिक पापडासारखं तुटतं, कारण त्यातलं आम्लच त्याला खातं. वर आमचा मे महिना. पाऊस लागला की बुरशी, आणि कसर-वाळवी बाराही महिने.

मासिकांना मागणी बरी आहे. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. तो विचारणारे बरेच येतात, आम्हाला अजून मिळालेला नाही. बांधीव खंड फोडून त्यातली चित्रं सुटी फ्रेम करून विकली तर चौपट पैसे येतात, हे खरं. आम्ही ते करत नाही. परदेशातूनही विचारणा होते, पण १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची पुरावस्तू आपल्याला बाहेर पाठवता येत नाही, म्हणून तिथे सरळ नाही म्हणतो.

नकाशांचं गिऱ्हाईक आम्हाला लॅम्बटन साहेबानं दिलं म्हणायला हरकत नाही. हिंदुस्थानची मोजणी करणारे विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरला जाताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. कबर तिथेच आहे. ती शोधत येणारे अभ्यासक मग आमच्याकडे डोकावतात आणि सर्वेक्षण विभागाची ‘इंचाला मैल’ शीट मागतात. आपला भाग ‘५५ एल’ या क्रमांकाच्या चौकोनातल्या शीटांवर येतो, वर्धा, हिंगणघाट, यवतमाळ सगळं त्याच चौकोनात.

दुसरं गिऱ्हाईक गावचं. वावराच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण घेऊन येतात, ‘इंग्रजांचा नकाशा आहे म्हणे तुमच्यापाशी?’ त्यांना भूमी अभिलेख कार्यालयात पाठवतो. अख्खा मैल एका इंचात बसवलाय, त्यात दोन फुटांचा धुरा कुठून दिसणार! तरी माणूस लगेच उठत नाही. चहा येईपर्यंत शीटवर आपलं गाव शोधतो, मग सासऱ्याचं शोधतो.