नऊ एमएम १ए पिस्तूल : फायरिंगनंतर जमा करेपर्यंत (माझा अनुभव)

पोलीस आणि लष्करात बऱ्याच जणांच्या कमरेला अजूनही नऊ एमएमचं १ए पिस्तूल असतं. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं हे पिस्तूल मुळात ब्राउनिंग हाय पॉवर आहे. जॉन ब्राउनिंगने सुरू केलेलं हे डिझाइन त्याच्या मृत्यूनंतर बेल्जियमच्या एफएन कारखान्यात पूर्ण झालं आणि १९३५ साली बाजारात आलं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या इंग्लिस कंपनीने ते बनवलं. आपलं १ए त्याच वळणाचं.

फायरिंग झाल्यावर हे पिस्तूल रिकामं करणं, उघडणं, पुसणं आणि शस्त्रागारात जमा करणं हे माझं नेहमीचं काम, नव्या मुलांना शिकवणंही त्यातच आलं. सगळ्यात जास्त वेळ मी पहिल्या पायरीवर घालवतो, कारण माणूस जखमी होतो तो तिथेच.

आधी मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढायचं, मग स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) ओढायची. हा क्रम उलटा झाला तर स्लाइड चेंबरमधला (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेतला) राऊंड, म्हणजे गोळी, बाहेर टाकते आणि मॅगझिनमधला दुसरा आत ढकलते. बाहेर पडलेला राऊंड बघून माणूस निर्धास्त होतो आणि पिस्तूल भरलेलंच राहतं. या पिस्तुलाचं मॅगझिन बटण दाबल्यावर आपोआप खाली पडेलच असं नाही. आतली मॅगझिन सेफ्टी त्याला घासते, म्हणून बोटाने ओढून घ्यावं लागतं. अर्धवट सुटलेलं मॅगझिन ‘निघालं’ असं धरू नये. चेंबर डोळ्यांनी बघायचा आणि करंगळीने चाचपायचाही. उजेड कमी असेल तर बोटावरच भरवसा ठेवावा.

आता खरी अडचण. मॅगझिन बाहेर असताना ट्रिगर दाबला तरी हॅमर (मागचा घोडा) पडत नाही, मॅगझिन सेफ्टीची तशी रचनाच आहे. सुरक्षेसाठी केलेली ही सोय रिकामं करताना मात्र घात करू शकते. रिकाम्या पिस्तुलाचा हॅमर खाली आणायला मॅगझिन पुन्हा घालावं लागतं आणि हात सवयीने पाऊचमधल्या भरलेल्या मॅगझिनकडे जातो. ते घातल्यावर कोणी खात्रीसाठी आणखी एकदा स्लाइड ओढली, तर राऊंड चेंबरमध्ये गेलाच. म्हणून रिकामं करायच्या जागी लाल रंग दिलेलं एक मॅगझिन कायम ठेवावं. त्यात राऊंड कधीच भरायचा नाही. हॅमर सोडायचा तो तेच घालून, नळी वाळूच्या पेटीकडे धरून. ही शिस्त ज्या शस्त्रागारात नाही तिथे ती आजच लावा, एवढं मी आग्रहाने सांगेन.

उघडणं त्या मानाने सोपं. मॅगझिन बाहेर काढून स्लाइड मागे ओढायची आणि सेफ्टी (अंगठ्याने वर-खाली होणारा खटका) वर करून स्लाइडच्या पुढच्या खाचेत अडकवायची. मागची खाच नेहमीच्या वापराची. उजवीकडून स्लाइड स्टॉपचं (स्लाइड अडवणाऱ्या आडव्या खिळीचं) टोक दाबलं की तो डावीकडून निघतो. स्लाइड हातात घट्ट धरून सेफ्टी खाली करायची आणि स्लाइड पुढे सरकवत काढायची. स्लाइड उलटी केल्यावर रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड पुढे ढकलणारी) अंगठ्याखाली दाबून गाइडसह, म्हणजे तिच्या आतल्या दांडीसह, उचलावी, नाहीतर ती उडते. मग नळी मागून उचलायची. एका टेबलावर दोन पिस्तुलं एकदम उघडू देऊ नका, भागांची अदलाबदल नंतर शोधणं कठीण जातं.

नळी चेंबरकडून पुसायची, तोंडाकडून रॉड घातला तर तिथली धार झिजते आणि नेम बिघडतो. आधी तेलाची चिंधी, थोडं थांबून ब्रश, मग चिंधी स्वच्छ निघेपर्यंत कोरड्या चिंध्या. नळीच्या पाठीवरच्या दोन आडव्या कंगोऱ्यांमध्ये काजळी साचते, स्लाइडच्या आत त्यांच्या खाचांमध्येही. नळी आणि स्लाइड एकमेकांत लॉक होतात ती तिथेच, म्हणून तिथे लाकडी काडी फिरवावी. एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखाखाली पितळेचा कीस अडकला तर रिकामी पुंगळी नीट पकडली जात नाही.

तेल रेल्सवर (स्लाइड सरकते त्या कडांवर) आणि नळीच्या बाहेरच्या बाजूला पातळ हाताने लावायचं. फायरिंग पिनच्या भोकात तेल अजिबात नको. ते काजळीत मिसळून घट्ट होतं, पिनचा फटका हलका बसतो आणि माणूस दोष गोळीला देतो. मॅगझिन आतून कोरडंच ठेवायचं. त्यात १३ राऊंड बसतात. त्याचे वरचे ओठ वाकले असतील तर राऊंड तिरका चढून अडतो, असं मॅगझिन ठोकून सरळ करू नये, बाजूला काढावं.

जोडताना बहुतेक जण स्लाइड स्टॉपपाशी अडतात. गाइडच्या डोक्यात स्प्रिंगवर बसलेली मण्यासारखी एक बारीक गोळी असते, ती दबल्याशिवाय स्टॉप पूर्ण आत जात नाही. हातोडीची गरज नसते. भोकं एका रेषेत आली की अंगठ्याच्या दाबाने तो बसतो.

शेवटी तपासणी. रिकामं मॅगझिन घालून स्लाइड ओढली की ती मागे थांबली पाहिजे. मॅगझिन काढून स्लाइड पुढे सोडावी आणि ट्रिगर दाबावा : हॅमर पडता कामा नये. लाल मॅगझिन घालून सेफ्टी वर, तरीही पडता कामा नये. सेफ्टी खाली केल्यावर पडला पाहिजे. ट्रिगर दाबलेलाच ठेवून स्लाइड पुन्हा ओढून पुढे सोडली तर हॅमर वर राहिला पाहिजे आणि ट्रिगर सोडून परत दाबल्यावरच पडला पाहिजे. यातलं एकही चुकलं तर पिस्तूल रॅकवर ठेवायचं नाही. नंबर रजिस्टरला लिहून, चिठ्ठी बांधून ते आर्मररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) द्यायचं.