पाच मुलं आणि एक शा-बूम

गेले काही दिवस माझ्या तोंडात 'शा-बूम, शा-बूम' बसलंय. भांडी घासताना, लिफ्टची वाट बघताना, कुठेही. घरच्यांनी आता विचारणं सोडलंय. पिक्सारच्या 'कार्स' या सिनेमात त्या ओसाड गावातले निऑन दिवे पुन्हा लागतात ना, तेव्हा वाजतं तेच हे गाणं.

गायलंय 'द कॉर्ड्स'नी. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली, मॉरिस हायस्कूलची पाच कृष्णवर्णीय मुलं. त्यांच्या गाण्याची शैली डू-वॉप, म्हणजे आवाजांवरच उभं राहणारं समूहगायन. हा तसा बिनभांडवली धंदा. वाद्यांवाचून अडत नाही. एकाने गाणं पुढे न्यायचं, एकाने तळाशी खर्जात घुमायचं, बाकीच्यांनी मधली जागा निरर्थक बोलांनी भरायची. तराणे ऐकलेल्या कानांना यात नवल वाटायचं कारण नाही.

1954 च्या मार्चमध्ये 'अटलांटिक' या रेकॉर्ड कंपनीच्या 'कॅट' या लेबलसाठी रेकॉर्डिंग झालं. कंपनीचा जीव दुसऱ्याच गाण्यात. पॅटी पेज या गायिकेचं चलती असलेलं गाणं या पोरांकडून गाऊन घेतलं आणि 'शा-बूम' तबकडीच्या मागच्या बाजूला ढकललं. लोकांनी तबकडी उलटून वाजवली! कृष्णवर्णीयांचं गाणं तेव्हा पॉपच्या गाजलेल्या गाण्यांच्या यादीकडे सहसा फिरकत नसे. हे थेट पहिल्या दहात.

मग टोरांटोच्या चार गोऱ्या तरुणांनी, 'द क्रू-कट्स'नी, तेच गाणं 'मर्क्युरी' या रेकॉर्ड कंपनीसाठी गायलं आणि ते पहिल्या नंबरावर जाऊन आठवडेच्या आठवडे हललं नाही. गाणं रचणारे म्हणून नावं कॉर्ड्सचीच राहिली, पण गायची ढब, आवाजांची वाटणी यांना कायद्याचं कुंपण नव्हतं. मी दोन्ही लागोपाठ ऐकली. क्रू-कट्सचं सगळं कडक इस्त्रीचं. मध्येच नगाऱ्यासारखं काहीतरी दणकतं. कॉर्ड्सच्या गाण्यात सॅम टेलरचा सॅक्सोफोन असा काही घुसतो की पोरं आता हसत सुटणार असं वाटतं. माझं मत विचाराल तर तुलनाच नको.

गाणं गाजलं आणि कळलं, 'कॉर्ड्स' नावाचा आणखी एक गट आधीच आहे. मग हे झाले 'कॉर्डकॅट्स'. तेही जमेना, तेव्हा चक्क 'शा-बूम्स'. मधल्या काळात 'झिपिटी झूम' नावाचं गाणंही काढून झालं. कशाच्या आशेवर, ते नावच सांगतं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. लोकांना शा-बूमच हवं होतं, आणि ते आता क्रू-कट्सकडेही मिळत होतं.